पंधरा ते तीस अंश

नमुना क्रमांक चारशे अकरा.
पाकिटात तळहाताएवढा तुकडा, निळसर करडा,
कडेला कात्रीची घाई.
बिल ऑफ एंट्रीवर: पॉलिएस्टरचं विणलेलं कापड, अध्याय चोपन्न.
तपासनिसाचा पेन्सिलीतला शेरा: लेप आहे? एकोणसाठ-शून्य-तीन?
आयातदार चुनावाला अँड सन्स.
नाव वाचून अख्खा विभाग हसला,
चुना लावलाय का, मॅडम, तेवढं सांगा.
मी म्हटलं, आडनावांचं वर्गीकरण माझ्याकडे येत नाही.

नियम सोपा आहे, म्हणजे छापलेला आहे.
लेप साध्या डोळ्यांना दिसला पाहिजे.
नुसता रंग बदललेला दिसला, तर ते दिसणं धरायचं नाही.
बावीस वर्षं हे वाक्य वाचतेय,
लग्नातल्या फोटोंनाही लावून पाहिलंय.
आणि कापड सात मिलिमीटरच्या दांडीभोवती हातानं वाकवायचं.
तडकलं तर ते कापड नव्हेच, प्लास्टिक, अध्याय एकोणचाळीस.
वाकवताना हवा मात्र पंधरा ते तीस अंशांच्या आत.

मे महिना. बॅलार्ड इस्टेट.
प्रयोगशाळेचा एसी अकरा दिवस दुरुस्तीच्या फायलीत.
भिंतीवरचा पारा चौतीस.
चौतीस अंशांना काहीही वाकतं,
त्याची साक्ष मला देता येत नाही.

कुर्तडकर, क्लिअरिंग एजंट, दारात उभे.
हातात रुमाल, रुमालात घाम, घामात हिशेब:
न्हावाशेव्याला कंटेनर पडून, रोजचं भाडं चढतंय,
धारावीत दप्तरांची शिलाई थांबलीय,
शाळा सुरू झाल्यावर दप्तर कोण घेतो?
"मॅडम, बर्फ आणू का?"
ते थट्टा करत नव्हते.

तवडियासाहेब असते
तर त्यांनी तुकडा खालच्या ओठावरून फिरवला असता.
लेप थंड लागतो, डीकरी, सूत कोमट.
तीस वर्षांत त्यांचा ओठ चुकला नाही.
पण ओठ नियमात नाही.

डोळा आहे. माझ्या उजव्या डोळ्यात
मोतीबिंदू पिकतोय, डॉक्टर म्हणतात, सावकाश.
चष्मा लावलेला डोळा साधा की कसला,
टिपांमध्ये सापडलं नाही.
वर विचारलं असतं तर त्याचीही फाईल झाली असती.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला आले.
पहारेकरी धोंडगे चावी देताना म्हणाला, काय, छापा?
म्हटलं, गारवा बघायला.
पारा: एकोणतीस आणि एक बारीक रेघ.
काचेची दांडी घेतली, तुकडा तिच्याभोवती वळवला,
आजाऱ्याचं मनगट धरावं तसा.
वळला. पुन्हा वळवला. तडा नाही, कुरकुर नाही.
म्हणजे प्लास्टिक नव्हे.
अर्धं उत्तर.

उरलेल्या अर्ध्यासाठी खिडकीशी गेले.
बंदरापलीकडून, तो कंटेनर उभा आहे त्याच बाजूनं,
सहा वाजून आठ मिनिटांनी ऊन आलं, आडवं, टेबलाच्या उंचीनं.
तुकडा नजरेच्या रेषेत सपाट धरला
आणि चष्मा काढला.
आधी नुसता करडा धूर.
मग धाग्यांमधल्या खिंडी बुजलेल्या दिसल्या, एकाच बाजूला,
पातळ, साईसारखं काही,
आणि कोपऱ्यात अडकलेला एक बुडबुडा, मोहरीहून लहान.
उलटून पाहिलं. तिथे वीण उघडी होती.

सूर्यानं मदत केली तर डोळा साधा राहतो का,
हेही टिपांमध्ये नाही.

लिहिलं: एका बाजूस प्लास्टिकचा लेप, साध्या डोळ्यांना दृश्य.
तापमान. सही.
वेळेच्या रकान्यात हात जरा थांबला.

नऊला कुर्तडकर आले. वाचलं, घडी घातली.
दप्तरामागे किती वाढले ते मोजत असावेत,
ओठ हलत होते.
"दिसला?"
"दिसला."
"मला दाखवाल?"
तोवर ऊन वर गेलं होतं.
ट्यूबलाइटखाली मी तुकडा त्यांच्या हातात दिला.
त्यांनी तो बराच वेळ उलटापालटा केला,
मग, का कोण जाणे,
खालच्या ओठाला लावला.